नाक्यावरच्या बाया
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी हा विषय कशाला, असे आपल्या कार्यवाहबाईंनी मला दोनदा विचारले. लोणच्यांवर बोला, नाहीतर चारधाम यात्रेवर बोला, असेही सुचविले. त्या दोहोंवर मी या व्यासपीठावरून पुष्कळ बोलले आहे. आज एका पुस्तकाविषयी सांगावयाचे आहे, आणि ते वाचताना आठवलेल्या आपल्याच एका बैठकीविषयी.

पुस्तक इंग्रजी. माझी सून महाविद्यालयात समाजशास्त्र शिकविते, तिने ते घरी आणले. कोश शेजारी ठेवून मी तीन महिने वाचीत होते. स्वाती शाह यांचे ‘स्ट्रीट कॉर्नर सीक्रेट्स’ हे २०१४ साली प्रसिद्ध झाले. मुंबईतला देहविक्रय, मजुरी आणि स्थलांतर हा त्याचा विषय. शाह यांनी तीन ठिकाणे पाहिली : कामाठीपुऱ्यातले कुंटणखाने, रस्ता, आणि मजुरांचा नाका. पहिल्या दोहोंचे नवल वाटले नाही. नाक्याचे मात्र वाटले.

नाका म्हणजे काय ते तुम्हांला सांगायला नको. सकाळी दूध आणायला जाताना आपण तो ओलांडतोच. बाया डबा घेऊन उभ्या असतात. मुकादम येतो, चौघांना नेतो, बाकीचे तिथेच. घमेली दोघांनी सारखीच उचलायची, पण गड्यापेक्षा बाईला मजुरी कमी. अकरा वाजले की ज्यांना कोणी नेले नाही त्या डबा तसाच घेऊन परततात. शाह यांना भेटलेल्या कितीतरी जणी मराठवाड्यातल्या, भूमिहीन घरांतल्या. गावी पाणी नाही, शेतात काम नाही, म्हणून आलेल्या. १९७२ च्या दुष्काळात आमच्या चाळीच्या जिन्याखाली जालन्याकडची दोन कुटुंबे राहत असत, ती मला आठवली.

याच नाक्यावर कधी कधी दुसराही व्यवहार ठरतो आणि त्याविषयी कोणी उघड बोलत नाही, असे त्या पुस्तकात आहे. म्हणजे मजूर बाई निराळी आणि ‘तसली’ बाई निराळी, अशा दोन जाती नाहीत. पोटासाठी बाई जी कामे धरते आणि सोडते, त्यांतलेच हे एक. पुण्याच्या रोहिणी साहनी आणि कल्याण शंकर यांनी चौदा राज्यांतल्या तीन हजार स्त्रियांची पाहणी करून २०११ साली मांडली, तीतही हेच दिसले. पुष्कळजणींनी आधी घरकाम केले होते, बांधकामावर, शेतावर राबल्या होत्या.

मला सारेच पटले असे नाही. फसवून, विकून आणलेल्या मुलींचे दुःख आहेच, आणि ‘काम’ हा शब्द अजून माझ्या गळी उतरत नाही. परंतु १९५६ च्या कायद्यानेसुद्धा देहविक्रय हाच गुन्हा ठरविलेला नाही. कुंटणखाना चालविणे, दुसऱ्याच्या अशा कमाईवर जगणे, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणे हे गुन्हे आहेत. या स्त्रियांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बजावले. कायद्यापेक्षा आपली बैठक कडक होती.

पापड केंद्रात नांदेडकडची एक बाई येत असे, जुन्या सभासदांना आठवेल. नाक्यावर काम मिळाले नाही की दुपारी आपल्याकडे लाटायला बसायची. हात असा हलका की तिचा पापड दिव्याशी धरला तर पलीकडचे दिसे. कोणीतरी तिला संध्याकाळी स्टेशनापाशी पाहिले. कोणाबरोबर, काय करताना, हे कोणी सांगितले नाही, कोणी विचारलेही नाही. मंडळाच्या नावाचा प्रश्न आहे, एवढे म्हणून तिला येऊ नको असे कळविले. त्या बैठकीला मी होते. चहा मीच केला होता, आणि हातही वर केला होता.

पुस्तक संपल्यावर मी केंद्राची जुनी वही काढून पाहिली. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत तिचे नाव जवळजवळ रोज आहे. पुढे एकदम नाही. नसणारच, पावसाळ्यात पापड वाळत नाहीत, आपले केंद्र बंद. पावसात बांधकामेही थंडावतात, नाका ओस पडतो. आणि आपली ती बैठक होती आषाढात. दोन पोरे घेऊन ती त्या महिन्यांत काय खात होती, हा प्रश्न आम्हां अकरा बायकांपैकी एकीलाही सुचला नाही.

वहीत शेवटच्या पानावर तिचे तीनशे चाळीस रुपये येणे आहेत. ती न्यायला आली नाही, आपण पाठविले नाहीत. खजिनदारबाईंनी ते पाकीट काल मला कपाटातून काढून दिले. दोन सकाळी मी नाक्यावर जाऊन आले. एकजण म्हणाली, ती गावी गेली. दुसरी म्हणाली, भिवंडीला गोदामात लागली. तुमच्यापैकी कोणाला ती दिसली, तर पाकीट माझ्याकडे आहे एवढे तिला सांगा. बाकी काही विचारू नका.