रक्ताच्या थेंबातला निरोप

विडी-सिगारेटला कधी हातही न लावलेल्या बाईला फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. फुंकणीनं चूल पेटवताना छातीत जाणारा धूर, हे त्याचं एक कारण. तरीही ‘बाईला कुठला असला आजार’ म्हणत नुसतं खोकल्याचं औषध चालू राहतं, याचं फार वाईट वाटतं.

हा आजार वेळीच ओळखायला मायक्रोआरएनए कामी येऊ शकतो. जेमतेम २२ रासायनिक ‘अक्षरांचा’ हा रेणू जनुकांना लगाम घालतो. १९९३ मध्ये तो एका इवल्याशा कृमीत सापडला. त्या शोधाला २०२४ चं नोबेल मिळालं. फुप्फुसाच्या कर्करोगात ‘लेट-७’ नावाचा मायक्रोआरएनए बऱ्याचदा घटतो, तर ‘मिर-२१’ नावाचा वाढतो. हे रेणू रक्तातही टिकतात, म्हणून रक्ततपासणीतूनच आजाराचा सुगावा लागावा, यासाठी संशोधन चालू आहे.

तोवर, खोकला तीन आठवडे हटला नाही, तर डॉक्टरांना छाती दाखवाच.