चित्र का उमटत नाही?



आजचा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. मोबाइलवर किंवा संगणकावर आपण अभ्यासाचे एखादे पान उघडता. मजकूर व्यवस्थित येतो, परंतु चित्राच्या जागी रिकामी चौकट किंवा फाटक्या कागदासारखी बारीक खूण दिसते. "नेट गेले" असे म्हणून आपण पुढे सरकता. पण त्या चौकटीत भूमितीच्या प्रश्नातला त्रिकोण असला तर? प्रश्न उलगडत नाही, आणि बिचाऱ्या विद्यार्थ्याला वाटते की आपल्यालाच गणित जमत नाही.

"नेट गेले" हे निदान बहुधा खरे नसते. नेट गेले असते, तर मजकूर तरी कसा आला असता? पान आणि चित्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. ब्राउझर आधी मजकूर आणतो. त्या मजकुरात सहसा चित्र नसते, चित्राचा केवळ पत्ता असतो. मग प्रत्येक पत्त्यावर तो स्वतंत्र मागणी पाठवतो. दहा चित्रे असतील तर दहा मागण्या. इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या मोझॅक या ब्राउझरने १९९३ साली मजकुराच्या ओघातच चित्र दाखवण्याची रीत लोकप्रिय केली, तेव्हापासून हा व्यवहार चालत आला आहे.

तेव्हा आपण प्रथम एवढेच पाहावे, की एकच चित्र अडले आहे की सगळ्याच संकेतस्थळांवरची अडली आहेत. सगळीच अडली असतील तर दोष आपल्या घरचा समजावा. डेटा वाचवण्यासाठी कोणी चित्रे बंद केली असतील, किंवा जाहिराती रोखणारी जोडणी खऱ्या चित्रांनाही अडवत असेल. तेच पान खासगी विंडोत उघडून पाहिले की बहुधा उलगडा होतो, कारण तिथे अशा जोडण्या सहसा बंद असतात. एकच चित्र अडले असेल, तर त्याच्यावर माउसची उजवी कळ दाबून ते नव्या टॅबमध्ये उघडावे. ४०४ हा आकडा आला, तर त्या पत्त्यावर काही सापडले नाही. ४०३ आला, तर सर्व्हर ते देण्यास नकार देत आहे. दोन्ही ठिकाणी आपला नाइलाज आहे. पान चालवणाऱ्यास कळवावे.

आता शाळेचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्या शिक्षकांना दोन शब्द, कारण माझ्या मते दोष अधिक करून त्या बाजूलाच असतो. चित्र आपल्या संगणकावर दिसते आणि गावाला दिसत नाही, असे झाले तर पत्ता तपासा. तो 'सी' ड्राइव्हने सुरू होत असेल, तर ते चित्र आपल्याच टेबलावर पडून आहे, सर्व्हरवर गेलेलेच नाही! दुसरे कारण इंग्रजी अक्षरांचे. विंडोजला लहान आणि मोठ्या लिपीतील नाव एकच वाटते, लिनक्सच्या सर्व्हरला मात्र ती दोन निराळी नावे वाटतात. फाइलच्या शेवटी मोठ्या लिपीत 'जेपीजी' आणि पानात लहान लिपीत, एवढ्याने चित्र हरवते. तिसरे कारण आयफोनचे. २०१७ पासून हे फोन छायाचित्रे 'हाइक' या प्रकारात साठवू लागले, आणि क्रोम तो प्रकार दाखवत नाही. काही जण अशा फाइलचे नुसते नाव बदलून शेवटी 'जेपीजी' लिहितात. डब्यावरची चिठ्ठी बदलून आतल्या डाळीचा तांदूळ होत नाही. फाइल रीतसर रूपांतरित करावी, किंवा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडावे.

एवढे करूनही एखादे चित्र कधीतरी अडणारच. त्यासाठी पर्यायी मजकुराची सोय आहे. १९९७ च्या एचटीएमएल ४.० मध्ये तो प्रत्येक चित्रासोबत देणे आवश्यक ठरवले गेले. चित्र न आल्यास तो त्या जागी दिसतो, आणि अंध विद्यार्थ्याला स्क्रीन रीडर तोच वाचून दाखवतो. तिथे 'चित्र १' लिहून काहीच साधत नाही. 'काटकोन त्रिकोण, काटकोनालगतच्या बाजू ३ सेंमी व ४ सेंमी' असे लिहिले, तर चित्र न येताही कर्ण काढता येतो.