दोन नांग्यांचा रेणु

दोन कर्बाणूंची आंखूड सांखळी आणि तिच्या दोन्ही टोकांस एकेक नत्राणु, असा इथिलीन-डायमीन या सेंद्रिय द्रव्याचा सांगाडा असतो. दिसावयास तें पाण्यासारखें रंगहीन. वास मात्र अमोनियासारखा झोंबणारा. खेकड्यानें दोन नांग्यांनीं एखादी वस्तु धरावी, त्याप्रमाणें हा रेणु आपल्या दोन्ही नत्राणूंनीं धातूचा एकच अणु पकडतो. सांखळी आंखूड असल्यामुळें या नांग्या धातूच्या समोरासमोरच्या बाजूंस पोंचत नाहींत. त्या शेजारींशेजारींच बसतात.

कोपनहेगनचे प्रोफेसर योर्गेनसेन यांनीं कोबाल्ट, क्लोरीन आणि हें द्रव्य यांचे क्षार तयार केले. घटक तेच, प्रमाणही तेंच. पण एक क्षार हिरवा, तर दुसरा जांभळा! १८९३ सालीं आल्फ्रेड वेर्नर या २६ वर्षांच्या तरुणानें झुरिकहून त्याचा उलगडा मांडला. कोबाल्टभोंवतीं अष्टफलकाच्या कोपऱ्यांवर ६ जागा असतात. त्यांतील ४ जागा दोन इथिलीन-डायमीन व्यापतात. उरलेल्या दोन जागा समोरासमोर असल्या तर क्षार हिरवा, शेजारीं असल्या तर जांभळा.

योर्गेनसेन यांना हें पटलें नाहीं. रंगांतील भेद कर्बाच्या सांखळीमुळें पडतो, असें त्यांचें म्हणणें. तसें नसेल तर साध्या अमोनियाचाही जांभळा क्षार मिळाला पाहिजे. तो कोठें आहे? प्रश्न रास्त होता. तो क्षार वेर्नर यांच्या हातीं लागावयास १९०७ साल उजाडलें. तेव्हां मात्र योर्गेनसेन यांनीं आपला विरोध मागें घेतला. इतक्या वर्षांच्या वादानंतर असें करावयास मन मोठें लागतें.

पण खरी कसोटी पुढेंच होती. शेजारींशेजारीं मांडणी असेल, तर उजव्या व डाव्या हातांप्रमाणें क्षाराचीं दोन रूपें असलीं पाहिजेत आणि त्यांनीं एकाच पातळींत कंप पावणारा प्रकाश विरुद्ध दिशांस वळविला पाहिजे. अनेक प्रयत्न फसले. अखेर १९११ सालीं व्हिक्टर किंग या अमेरिकन शिष्यानें एका क्लोरीनच्या जागीं अमोनिया असलेला क्षार घेतला आणि कापुरापासून बनविलेल्या एका आम्लाच्या साह्यानें दोन्ही रूपें वेगळीं केलीं. १९१३ सालीं वेर्नर यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

तरीही शंकेखोर होतेच! प्रकाश वळविणें हा कर्बाचा गुण, आणि इथिलीन-डायमीनमध्यें कर्ब आहेच, असें ते म्हणत. १९१४ सालीं वेर्नर यांनीं कर्बाचा लेशही नसलेला चार कोबाल्टांचा क्षार घेऊन त्याचीं उजवीं-डावीं रूपें वेगळीं केलीं. हा क्षार प्रथम बनविला होता तो योर्गेनसेन यांनींच.