निकालाच्या टक्क्यामागचा पट



दहावीचा निकाल लागला की चौकाचौकांत फलक झळकतात: ‘शंभर टक्के निकालाची परंपरा कायम’. पालक त्या फलकावरून धाकट्याची शाळा ठरवतात, संस्थाचालक त्यावरून मुख्याध्यापकाला जोखतात, आणि निकाल घसरला की खुलासा द्यावा लागतो तो आपणा मुख्याध्यापकांनाच. एका आकड्यावर एवढा भार टाकायचा, तर तो आकडा मोजतो तरी काय, हे आधी आपण नीट समजून घेतले पाहिजे. आज मी तेवढ्यावरच बोलणार आहे.

राज्याचा दहावीचा निकाल 2018 साली 89.41 टक्के होता. 2019 साली तो 77.10 वर आला आणि 2020 साली थेट 95.30 वर गेला. महाराष्ट्राची मुले एका वर्षात मंद झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली, असे कोणीही म्हणणार नाही. 2019 ला अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत 20 गुण काढून टाकले होते. पुढच्या वर्षी ते परत आले. 2021 साली तर कोरोनामुळे लेखी परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि दहावीचे अंतर्गत मूल्यमापन यांवर निकाल लागला, तो 99.95 टक्के. मोजपट्टी बदलली की माप बदलते. म्हणून ‘गेल्या वर्षीपेक्षा तीन टक्क्यांनी वाढ’ असा मथळा वाचला की आपण पहिला प्रश्न विचारावा: पेपरची योजना तीच होती का?

विभागांच्या तुलनेचेही तसेच आहे. 2025 साली राज्याचा निकाल 94.10 टक्के लागला. त्यात कोकण विभाग 98.82 टक्क्यांवर होता, तर नागपूर विभाग 90.78 वर. कोकणातल्या शिक्षकांचे कष्ट मला ठाऊक आहेत, त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. पण कोकण विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे दोनच जिल्हे येतात. नागपूर विभागात नागपूर शहर येते आणि गडचिरोलीही येते. घरी माडिया किंवा गोंडी बोलणारे मूल मराठी माध्यमात शिकून 55 टक्के मिळवते, तेव्हा त्याच्या शिक्षकाने किती अंतर कापलेले असते, हे विभागाच्या टक्केवारीत कुठेही दिसत नाही. छोट्या शाळेत तर हा आकडा आणखीच फसवा होतो. वीस मुलांच्या वर्गात एक मूल आजारी पडून नापास झाले, तरी निकाल पाच टक्क्यांनी उतरतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी उभा आहे, ती सांगतो. निकालाची टक्केवारी काढताना भागाकार होतो तो परीक्षेला बसलेल्या मुलांच्या संख्येने. जी मुले बसलीच नाहीत, ती त्या हिशेबात नसतात. बाहेरून दहावीला बसण्यासाठीचा सतरा नंबरचा फॉर्म आपणा सर्वांना माहीत आहे. शाळा सुटलेल्या, कामाला लागलेल्या, उशिरा शिकायला आलेल्या माणसांसाठी ती फार मोलाची सोय आहे. तिच्यामुळे कितीतरी जण दहावी झाले. पण नववीतल्या कच्च्या मुलाच्या पालकांना बोलावून ‘याचा दाखला काढून घ्या, बाहेरून बसवा’ असे सुचवले जाते, तेव्हा तीच सोय निकाल राखण्याचे हत्यार बनते. पन्नासातली दहा मुले अशी बाजूला काढली आणि उरलेली चाळीस पास झाली, की फलकावर ‘शंभर टक्के’ लिहिता येते. शेजारची शाळा पन्नासच्या पन्नास मुलांना बसवते, त्यातली पंचेचाळीस पास करते, आणि तिच्या वाट्याला 90 टक्के येतात. माझ्या मते दुसरी शाळा चांगली आहे. आपली सध्याची मोजणी मात्र पहिलीला हार घालते. हे मला अन्यायाचे वाटते, आणि त्या दहा मुलांच्या बाबतीत तर क्रूरपणाचे वाटते.

वरच्या टोकालाही तुलना जपूनच करावी लागते. 2025 साली 211 मुलांना शंभर टक्के गुण मिळाले, त्यांतली 113 लातूर विभागातली. त्या मुलांचे मनापासून कौतुक. पण हा टक्का सहापैकी उत्तम पाच विषयांवर निघतो आणि त्यात कला-क्रीडेचे वाढीव गुणही मिळालेले असतात, हे पालकांना कोणी समजावून सांगत नाही. पाचशेपैकी एक गुण म्हणजे 0.2 टक्के. तेवढ्यावर अकरावीचे महाविद्यालय हुकते. एकच निबंध दोन प्रामाणिक परीक्षक दोन गुणांच्या फरकाने तपासतात, हे आपल्यापैकी प्रत्येक नियामकाने पाहिले आहे.

याहून चांगली मोजणी करता येते. इंग्लंडने 1992 पासून शाळांचे निकाल तक्त्यांतून छापायला सुरुवात केली. पुढे अनुभव आला की शाळा काठावरच्या मुलांवरच सारी मेहनत घेतात. अगदी मागची आणि अगदी पुढची मुले दुर्लक्षित राहतात. 2016 साली त्यांनी मोजण्याची रीत बदलली. मूल अकराव्या वर्षी कुठे होते आणि तिथूनच निघालेल्या देशभरातल्या इतर मुलांच्या मानाने सोळाव्या वर्षी कुठे पोचले, ते आठ विषयांत पाहू लागले. त्या पद्धतीवरही तिथे टीका झाली, कारण घरच्या गरिबीचा हिशेब ती धरत नाही. तरी ‘किती पास झाले’ यापेक्षा ‘किती पुढे गेले’ हा प्रश्न योग्य आहे.

आपल्याकडे ‘सरल’ आणि ‘यू-डायस’ या शालेय माहितीप्रणालींमध्ये विद्यार्थीनिहाय नोंद आहे. नववीच्या पटावर जून महिन्यात किती मुले होती, त्यांतली किती आपल्याच शाळेतून दहावीला बसली, किती उत्तीर्ण झाली, आणि बाकीची कुठे गेली, हे प्रत्येक शाळेला एका पानावर मांडता येईल. त्यासाठी नवा निधी लागत नाही, शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून अध्यक्ष या नात्याने मी ठराव मांडतो: येत्या निकालापासून आपल्या प्रत्येक शाळेने उत्तीर्णांच्या टक्केवारीशेजारी नववीच्या पटाची संख्या त्याच अक्षरांत, त्याच फलकावर लिहावी. आपण तो एकमताने संमत करावा, ही माझी विनंती आहे.