टकीलेची पारख

दख्खनच्या पठारावरून आगगाडीनें प्रवास करतांना रुळांच्या कडेला किंवा शेताच्या बांधावर जाड, टोकदार पानांचे घायपात उभे दिसतात. गुरें आंत शिरूं नयेत म्हणून कुंपणाला लावावा आणि पानांतून वाख काढून दोर वळावा, एवढाच या वनस्पतीचा इकडील लौकिक. घायपात मूळचा अमेरिका खंडांतला. त्याचा एक भाऊबंद, निळा घायपात, मेक्सिको देशांत मात्र मोठ्या मानानें वाढविला जातो. त्याच्यापासून जें मद्य निघतें तें टकीला. हालिस्को प्रांतांतील टकीला नांवाच्या गांवावरून तिला हें नांव मिळालें, आणि त्या परिसरांतील निळसर मळ्यांना २००६ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशाचा मान दिला.

बाहेरच्या जगाला या मद्याची ओळख झाली ती बहुधा घाईच्या रीतीनें. हातावर चिमूटभर मीठ घ्यावें, पेला एका दमांत रिता करावा, आणि लगेच लिंबाची फोड चोखावी! ज्या पेयाची चव झांकण्यास आधीं मीठ आणि मागून लिंबू लागतें, त्यांत चाखण्यासारखें तें काय असणार, अशी शंका साहजिकच येते. परंतु चांगली टकीला घोटाघोटानें घेणारे रसिकही आहेत, आणि त्यांच्यांत आवडीनिवडीचे वाद पुष्कळ रंगतात. ते वाद समजून घ्यावयाचे तर आरंभ मळ्यापासूनच केला पाहिजे.

निळा घायपात तयार होण्यास साधारणतः सहा ते आठ वर्षें लागतात. त्याची पानें हिमादोर नांवाचे कसबी मजूर कोआ या लांब दांड्याच्या, धारदार पात्याच्या हत्यारानें सपासप छाटतात. आंत राहतो तो प्रचंड अननसासारखा दिसणारा गड्डा. त्याला अननसाचेंच स्पॅनिश नांव आहे, पिन्या. हा गड्डा भट्टींत वाफेवर शिजविला कीं त्यांतील सत्त्वाची साखर होते. मग तो पिळून रस आंबवितात आणि निदान दोनदां ऊर्ध्वपातन करतात. विटांच्या भट्टींत गड्डा सावकाश शिजला तर भाजलेल्या रताळ्यासारखा गोड, खमंग वास मद्यांत उतरतो. याउलट, यंत्राच्या साह्यानें गड्डा न शिजवितांच पाण्याच्या झोतांनीं त्यांतील सत्त्व धुऊन काढण्याचीही एक पद्धति आहे. तिनें वेळ वांचतो, उतारा वाढतो. परंतु तो खमंगपणा तिच्यांत क्वचितच सांपडतो, असें जाणते म्हणतात.

तेव्हां निवडीची पहिली परीक्षा जिभेनें नव्हे, डोळ्यांनीं करावयाची असते. बाटलीवरील चिठ्ठींत 'शंभर टक्के आगावे' असे शब्द असतील तर त्या मद्यांतील सारी साखर निळ्या घायपाताची. ते शब्द नसतील तर शेंकडा ४९ पर्यंत साखर उसासारख्या अन्य पदार्थाची असूं शकते. नियम तेवढी सवलत देतो. शिवाय प्रत्येक बाटलीवर कारखान्याचा चार आंकडी क्रमांक असतो. अनेक नामांकित बाटल्या एकाच कारखान्यांतून बाहेर पडतात, हें तो क्रमांक पाहिल्यावर उघड होतें, आणि नांवाच्या मोहाला तेथेंच आळा बसतो.

यापुढें खऱ्या आवडीनिवडीचा प्रांत लागतो. कोणाला 'ब्लांको' प्रिय असते. ती बहुधा पाण्यासारखी स्वच्छ आणि लांकडाचा फारसा संपर्क न झालेली. तींत घायपाताचा हिरवा, मिरमिरीत, किंचित् मातकट स्वाद उघडा असतो. कोणी 'रेपोसादो' पसंत करतो. ती लांकडी पिंपांत निदान दोन महिने विसावलेली असते, आणि तिची धार थोडी सौम्य झालेली असते. कोणाचें मन 'आन्येहो'वर जडतें. ती निदान एक वर्ष लहान पिंपांत मुरलेली असते. तींत ओकच्या लांकडाचा, व्हॅनिलाचा, गुळासारखा गंध येतो. तीन वर्षांवर मुरलेल्या टकीलेसाठीं २००६ सालीं आणखी एक वरचा वर्ग निराळा करण्यांत आला.

जितकें वय अधिक तितकें मद्य उत्तम, ही समजूत येथें डोळे मिटून चालत नाहीं. पिंपांत वर्षानुवर्षें राहिल्यावर लांकूड बोलूं लागतें आणि घायपात गप्प होतो. व्हिस्कीची सवय असलेल्याला तें आवडेल. ज्याला वनस्पतीचीच चव हवी आहे त्याला तो तोटा वाटेल. दोघांपैकीं कोणीही चुकत नाहीं. रंगावर मात्र कोणींच भुलूं नये, कारण मुरविलेल्या टकीलेंत जळक्या साखरेचा रंग, ओकचा अर्क, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक हीं वजनाच्या शेंकडा एकपर्यंत मिसळण्याची मुभा आहे. म्हणून पुष्कळ रसिक नव्या कारखान्याची पारख त्याच्या ब्लांकोवरूनच करतात. तेथें लपावयास जागा थोडी.

चाखण्याची रीत साधी आहे. बर्फ नको. तोंडाशीं थोडा निमुळता असलेला पेला घ्यावा. त्यांत थोडीच टकीला ओतून ती कांहीं मिनिटें तशीच ठेवावी. वास घेतांना नाक एकदम आंत खुपसूं नये. मद्यार्काचा झटका बसून बाकीचे गंध हरवतात. पहिला घोट नांवापुरता, जिभेची ओळख होण्याइतकाच घ्यावा. दुसऱ्या घोटाला खरी चव लागते. मध्येंच मेक्सिकन चालीप्रमाणें संत्र्याच्या रसाचें, मिरचीचें तिखट-आंबट 'सांग्रिता' चाखण्यास हरकत नाहीं.

हा नुसता शौकाचा प्रश्न नाहीं. घायपात आयुष्यांत एकदांच फुलतो आणि मग मरतो. मद्यासाठीं त्याला फुलण्यापूर्वींच तोडतात, आणि नवें रोप बीजापासून न घेतां बुंध्याशीं फुटणाऱ्या पिलांपासून घेतात. त्यामुळें मळेच्या मळे एकाच वाणाचे होतात, आणि रोग आला कीं तो सर्वत्र पसरतो. फुलांवर येणाऱ्या वटवाघळांचाही आहार तुटतो. मागणीची घाई झाली कीं कोंवळीं झाडें तोडलीं जातात आणि उणी पडलेली चव मिश्रणांनीं भरून काढण्याचा मोह होतो. अलीकडे कांहीं शेतकरी मळ्यांतील थोडीं झाडें वटवाघळांसाठीं मुद्दाम फुलूं देतात. त्यांच्या मालाला गिऱ्हाईक मिळालें तरच ती रीत टिकेल.

टकीलेच्या नांवाचा हक्क १९७४ सालापासून मेक्सिकोच्या ठराविक प्रदेशालाच आहे. दख्खनच्या घायपातापासून आतां भारतांतही मद्य काढतात, पण त्यास तें नांव लावतां येत नाहीं. नांवाचें रक्षण अशा रीतीनें कायदा करतो. चवीचें रक्षण मात्र पिणाऱ्याच्या हातीं असतें. सात-आठ वर्षें उन्हांत उभें राहिलेलें झाड एका दमांत घशाखालीं ढकलणाऱ्याला कोंवळ्या-पक्क्याचा भेद कळणार नाहीं, आणि कारखानदारही त्याच्यासाठीं तो पाळणार नाहीं. थोडें घेणारा आणि सावकाश घेणारा मात्र तो भेद ओळखतो, आणि त्याच्याच भरंवशावर तेथील शेतकरी आपलें झाड पुरतें पिकूं देतो.