मुलामुलींना संगणकशास्त्राला घालण्यापूर्वी

(बुलडाणा जिल्ह्यातील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सोयाबीनवरील पिवळा मोझॅक आणि कपाशीवरील बोंडअळी यांविषयी तुम्ही आत्ताच ऐकले. माझा विषय निराळा आहे, पण बारावीचा निकाल लागला की तोही तितकीच झोप उडवतो. मुलगा किंवा मुलगी म्हणते, मला ‘कॉम्प्युटर’ला जायचे आहे. बाप विचारतो, त्यात शिकवतात काय आणि खर्च किती? पहिल्या प्रश्नाचे उत्तर न समजून घेता दुसऱ्यासाठी एकर-दीड एकर विकलेली माणसे मी पाहिली आहेत. म्हणून पहिल्यापासूनच सुरुवात करतो.

मी स्वतः चिखलीकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. बारावीनंतर तालुक्याच्या गावी एका खाजगी क्लासमध्ये वर्षभराचा ‘डिप्लोमा’ केला. वडिलांनी त्या सालच्या तुरीचे पैसे त्यात घातले. चौकटीत बसवलेले प्रमाणपत्र मिळाले, आणि काम मिळाले ते दुसऱ्याचे अर्ज टाइप करण्याचे. यंत्र चालवणे वेगळे आणि संगणकशास्त्र वेगळे, हे मला पुढे पदवीच्या पहिल्या वर्षाला, तेही गणिताच्या तासाला कळले. ट्रॅक्टर चालवणारा आणि ट्रॅक्टर तयार करणारा यांच्यात जो फरक, तोच येथे.

मग शिकवतात काय? तलाठ्याकडे १,००० गटांचे दप्तर क्रमाने लावलेले आहे असे समजा. तुमचा गट ७३८. पहिल्या पानापासून पाहू लागलात तर ७३८ पाने उलटावी लागतील. त्याऐवजी दप्तर मधोमध उघडा. ५०० आले, म्हणजे अलीकडचे अर्धे बाजूला ठेवा. उरलेले पुन्हा मधोमध उघडा. असे अर्धे-अर्धे करीत गेल्यास जास्तीत जास्त १० वेळा उघडून कोणताही गट सापडतो. गट १,००,००० असले तर कष्ट शंभरपट वाढत नाहीत, १७ वेळा उघडले की काम होते. मात्र दप्तर आधी क्रमाने लावलेले हवे, आणि उद्या पोटहिस्से पडले तर नवे पान कोठे घालायचे हेही आधी ठरलेले हवे. माहिती कशी मांडावी आणि कमीत कमी पावलांत कशी शोधावी, हा या पदवीचा गाभा होय.

दुसरे उदाहरण तुम्ही सर्वांनी भोगलेले आहे. ऑनलाइन अर्जाची शेवटची तारीख आली की सेवा केंद्रातील पडद्यावर चक्र नुसते फिरत राहते. बाजार समितीत सगळ्या गाड्या एकाच सकाळी आल्या तर फाटकावर जे होते, तेच तेथे होते. काटे किती लावावेत, आधी आत कोणाला घ्यावे, एक काटा बंद पडला तर त्याच्या रांगेचे काय करावे, याचाच विचार ऑपरेटिंग सिस्टीम आणि नेटवर्क या विषयांत असतो. तेव्हा ज्याला गणिताचा कंटाळा आहे, त्याला केवळ शेजारच्याचा मुलगा पुण्यात नोकरीला लागला म्हणून या शाखेत ढकलू नका.

आपल्या वऱ्हाडाला हा विषय परका नाही. डॉ. विजय भटकर यांचा जन्म १९४६ साली शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात झाला. त्यांनी अभियांत्रिकीची पदवी नागपुरातून घेतली. १९८० च्या दशकात हवामानाच्या अंदाजासाठी महासंगणक हवा होता, पण हवा तसा द्यायला अमेरिका तयार नव्हती. १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था उभी राहिली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. आता पावसाचे अंदाज महासंगणकावरच काढले जातात. २०१८ साली पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘प्रत्युष’ बसवला गेला. मृगाच्या तोंडावर आपण मोबाईलवर जो अंदाज पाहतो, त्यामागे हेच शास्त्र राबत असते.

नोकऱ्यांचे म्हणाल तर सॉफ्टवेअर कंपन्या आहेतच. शिवाय बँकांमध्ये आयटी अधिकारी भरले जातात. ‘गेट’ परीक्षा देऊन एम.टेक. करता येते, आणि पुढे अध्यापन किंवा संशोधनही. पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. साधा प्रोग्रॅम आता कृत्रिम बुद्धिमत्ताच लिहून देते. त्यामुळे ज्याने चार वर्षे पाठांतर केले त्याचे कठीण आहे. यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक हे ज्याला सांगता येते, त्याला काम मिळेल असे माझे मत आहे. नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातीवर मात्र विश्वास ठेवू नका.

शिक्षणासाठी लांब जावेच लागते असेही नाही. शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून सुरू आहे आणि तेथे ही शाखा आहे. बारावीला भौतिकशास्त्र व गणित ठेवून सीईटी द्यावी लागते. दहावीनंतर तंत्रनिकेतनातून तीन वर्षांची पदविका घेतली तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. हाताशी पैसा कमी असेल तर हा रस्ता मला अधिक बरा वाटतो.

आता खर्च. प्रवेश शक्यतो केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच घ्या. व्यवस्थापन कोट्यातून घेतलात तर शासनाच्या फी सवलती मिळत नाहीत. जमीन विकली जाते ती बहुधा याच ठिकाणी. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तेव्हा “मुलीवर एवढा खर्च कशाला” असे म्हणणाऱ्या मंडळींनी आधी शुल्काचा कागद वाचावा. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तिचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो.

प्रवेशाची गडबड आणि पेरणीची धांदल एकाच वेळी येते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातवैधता आणि आठ-अ चा उतारा हे कागद एप्रिल-मे महिन्यांतच काढून ठेवा. जातवैधतेला सर्वात जास्त वेळ लागतो, म्हणून तिचा अर्ज मूल अकरावीत असतानाच करावा.