हेरिंगच्या गावातले दोन तास

आइसलंडच्या उत्तर किनाऱ्यावर सिग्लुफ्योर्दुर नावाचे एक गाव आहे. नाव जिभेला जड, पण गाव पायी फिरायला अगदी सोपे. भोवती उभे डोंगर, मध्ये चिंचोळी खाडी, आणि बर्फाचे कडे घरांवर कोसळू नयेत म्हणून उतारावर घातलेले मोठाले बांध. उन्हाळ्यात प्रवासी जहाजे इथे धक्क्याला लागतात आणि उतारू दोन-तीन तास गाव पाहून परततात. आज वस्ती बाराशेच्या आसपास आहे. १९५० च्या सुमारास ती तीन हजारांवर होती. बाकीची माणसे गेली कुठे?

त्याचे उत्तर हेरिंग माशात आहे. हा आपल्या तारलीच्या कुळातला, थव्याने हिंडणारा तेलकट मासा. १९०३ साली नॉर्वेच्या कोळ्यांनी इथे त्याचा धंदा सुरू केला आणि बघता बघता गाव फुगले. मासा खारवायचे काम बायकांचे. डोके व आतडी काढायची, मासा पिंपात मिठाच्या थरांत रचायचा. मजुरी दिवसावर नव्हे, पिंपावर. पिंप भरले की बिल्ला मिळे. तो बुटात टाकायचा नि पुढच्या पिंपाला लागायचे. होडी आली की हाक यायची. रात्र आहे म्हणावे, तर उन्हाळ्यात तिकडे रात्र होतेच कुठे! उरल्यासुरल्या मासळीचे कारखान्यात तेल आणि भुकटी करीत. त्या दुर्गंधीला आइसलंडची माणसे ‘पैशाचा वास’ म्हणत, यातच सारे आले.

पुढे यंत्रे आली. ध्वनिलहरींनी थवा पाण्याखालीच हेरता येऊ लागला, प्रचंड जाळे यंत्राने ओढता येऊ लागले. ते जाळे म्हणजे पर्ससीन. रत्नागिरी-मालवणकडच्या श्रोत्यांना त्याची ओळख करून द्यायला नकोच. नॉर्वेच्या किनाऱ्याला तर पिल्लेसुद्धा उपसली गेली. त्यात समुद्रही थंडावला. १९६९ पर्यंत हेरिंग नाहीसा झाला. पुढे १९९० नंतर मासा पुष्कळ वाढला, पण या धक्क्यावरची पिंपे काही पुन्हा भरली नाहीत.

आता धक्क्यावर पाहुण्यांसाठी मासा खारवण्याचे प्रात्यक्षिक होते. अंगावर मेणकापडी एप्रन, डोक्याला रुमाल, बाजाच्या पेटीवर गाणी. उतारू फोटो काढतात, टाळ्या देतात, आणि बरेच जण तिथूनच जहाजाकडे वळतात. माझ्या मते यात खरे पाहायचे राहून जाते. शेजारीच १९०७ ची लाकडी इमारत आहे, रोआल्द्सब्राक्की. १९९४ पासून तिथे संग्रहालय आहे. तिचा जिना चढून वर जावे. माळ्यावर बायकांचे एकावर एक बिछाने, दोरीवर कपडे, भिंतीवर चित्रे. खाली नाचगाणे पाहिल्यावर वर ही दाटी पाहिली, म्हणजे त्या बिल्ल्यांची किंमत कळते.

प्रात्यक्षिकानंतर राईच्या काळ्या पावावर हेरिंगचा तुकडा देतात. तो जरूर खावा. सुक्या बांगड्याची सवय असलेल्यांना तो गोडसर लागेल. तिकडे मुरवताना मिठाबरोबर साखरही घालतात.